सोलापुरात राहून ऑनलाइन धंदा जमेल का, की पुणंच गाठायचं?

तुझा प्रश्न मला समजला तो असा: वडिलांचे सोलापूरच्या पूर्व भागात टेरी टॉवेलचे आठ लूम (यंत्रमाग) आहेत, तू बी.कॉम. करून पुण्यात एका ई-कॉमर्स कंपनीत काम केलंस, आता स्वतःचा टॉवेलचा ब्रँड काढायचाय, आणि सगळे सांगायलेत की सोलापुरात काही इकोसिस्टिम, म्हणजे धंद्याला पोषक वातावरण, नाही, स्टार्टअपचं सगळं पुण्यात, तर राहायचं कुठं. मी गेली बरीच वर्षं लहान कारखानदारांचे हिशोब, बँकेचे प्रोजेक्ट रिपोर्ट आणि अलीकडं त्यांची ऑनलाइन विक्री बसवून द्यायचं काम करतो, त्यामुळं उत्तर लांब होणार.

आधी निकाल सांगतो, सोलापुरात राहा. गावाचा अभिमान वगैरे कारण नाही त्यामागं. टॉवेल बनवायला लागणारं सगळं अशोक चौक ते विडी घरकुल या पट्ट्यात आहे, टॉवेल विकायला लागणारं बरंचसं तुझ्या फोनमध्ये आहे, पण या दोन्हीची भाषा कळणारी माणसं आपल्याकडं फारच कमी आहेत. लूम कळणाऱ्याला लिस्टिंग, म्हणजे ॲपवर माल कसा मांडायचा ते, कळत नाही आणि लिस्टिंग कळणारा कधी कारखान्यात उभा राहिलेला नसतो. तू दोन्हीकडची आहेस. पुण्यात तुझ्यासारखी ई-कॉमर्सवाली मुलं ढिगानं आहेत, पूर्व भागात नाहीत.

इकोसिस्टिम म्हटलं की लोकांना काचेचं ऑफिस आणि गुंतवणूकदार डोळ्यापुढं येतात. पण आल्फ्रेड मार्शल नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८९० मध्येच लिहून ठेवलंय की एकाच धंद्याची माणसं एका जागी पिढ्यानपिढ्या राहिली की त्या धंद्यातली गुपितं गुपितं राहत नाहीत, हवेतच असतात, पोरं नकळत शिकतात. हे वाचताना मला तरी आपल्या विणकरांची साखर पेठ आणि दाजी पेठच दिसते. १८७७ साली आपल्याकडं जुनी मिल निघाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, तिकडून तेलंगणातून पद्मशाली विणकर येत राहिले, हातमाग आले, पुढं पॉवरलूम आले. मिली एकामागून एक बंद पडल्या, पण मिलीत तयार झालेलं कसब बंद पडलं नाही, ते गल्लीबोळात शिरलं. आज तुझ्या वडिलांचा लूम रात्री बिघडला तर जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, किती वेळात येतो ते आठव. वार्पिंग (ताणा भरणं), सायझिंग (सुताला खळ देणं), डाईंग (रंगवणं) करणारे, जेकार्डची म्हणजे विणीतली डिझाइन करणारा, स्पेअर पार्टवाला, गाठी बांधणारा, टेम्पोवाला, सगळे सायकलच्या अंतरावर. लूमचा आवाज बदलला की घरातली म्हातारी माणसं आतनं ओरडून सांगतात, कांडी संपली बघ. हे तू पैसे देऊन कुठल्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या धंद्यांना आधार देणाऱ्या केंद्रात, विकत घेणार?

आणि यात सगळ्यात मोठी गोष्ट उधारीची. सूतवाला वडिलांना सूत देतो ते कुठली कागदपत्रं बघून देत नाही, त्याला आजोबा माहीत असतात, घर माहीत असतं, मागच्या मंदीत या घरानं पैसे बुडवले का थोडे थोडे करून फेडले ते माहीत असतं. ही पत आहे आणि ती अगदी खरं भांडवल म्हणून वापरात आहे, फक्त ती पेठेच्या बाहेर चालत नाही. बँकेच्या साहेबाला ती दिसत नाही. उलट ऑनलाइन कर्ज देणारं ॲप तुझं जीएसटी रिटर्न आणि यूपीआयची उलाढाल बघून पटकन रक्कम सांगतं, त्याला आजोबांशी देणंघेणं नाही, पण हप्ता एक दिवस चुकला की दंड लागतो, तिथं कुणी म्हणत नाही की असू दे, पुढच्या आठवड्यात बघू. दोन्हीचा उपयोग आहे. सूत पेठेच्या उधारीवर घे, मशीन बँकेच्या कर्जावर घे, आणि ॲपचं कर्ज शक्यतो घेऊच नको, घेतलंच तर हातात ऑर्डर असताना आणि फेडायची तारीख माहीत असताना.

डिजिटलनं खरं काय बदललं ते पण सांगतो, कारण आमच्या पिढीतली बरीच माणसं ते मान्यच करत नाहीत. पूर्वी सोलापूरचा कारखानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये आडत्या, दलाल, परगावचा होलसेलर, मग दुकानदार अशी रांग होती आणि भाव सगळा तिकडनं ठरून यायचा. आपल्याला टॉवेल शेवटी कुणी वापरला, त्याला तो आवडला का, पाणी शोषतो का, धुतल्यावर रंग गेला का, काहीच कळायचं नाही. आता ते कळतं, आणि फुकट कळतं, रिव्ह्यू वाचायचे फक्त. मी नवीन माणसाला पहिल्यांदा हेच सांगतो की विकायला बसायच्या आधी दुसऱ्यांच्या टॉवेलचे एक-दोन स्टारवाले रिव्ह्यू शंभरेक तरी वाचून काढ. लिंट (धाग्याचा भुसा) सुटतो, पातळ आहे, फोटोत वेगळा रंग होता, कडेची शिलाई उसवली. हे वाचून कारखान्यात गेलीस की वडिलांना सांगता येईल की पाइलचा, म्हणजे टॉवेलवरच्या उभ्या फासांचा, धागा कुठला घ्यायचा आणि कडेला टाके किती घालायचे. पुण्यातनं हे फोनवर सांगून होत नाही, लूमशेजारी उभं राहूनच होतं.

कागदोपत्री पण सोपं झालंय. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, १ जुलै २०२० पासून सुरू झाली, ऑनलाइन आहे आणि पूर्ण फुकट आहे, त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नको. सरकारी खरेदीचं जेम पोर्टल २०१६ पासून आहे, हॉस्पिटल, होस्टेल, रेस्ट हाऊस यांना टॉवेल-चादरी लागतातच. आणि तुझ्यासाठी मुद्दाम सांगतो, केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडनं घ्यायचा असा नियम आहे, आणि त्यात ३ टक्के महिला उद्योजकांकडनं. म्हणजे फर्म तुझ्या नावावर काढण्यात अर्थ आहे, पण नावापुरती नको, सही तुझी, खातं तुझं, निर्णय पण तुझेच हवेत. आपल्याकडं बायकोच्या नावावर फर्म आणि बाईंना चेकबुक कुठल्या बँकेचं ते माहीत नाही असं लई बघितलंय, त्यानं कुणाचंच भलं होत नाही.

आता हिशोबाकडं येतो, कारण नव्या मुलांचा धंदा बसतो तो इथंच. समज ३० बाय ६० इंचाचा, ४०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅमचा, टॉवेल आहे. आकडे मी समजायला धरतोय, तू तुझे घाल. कारखान्यात तयार पडतो १८० ला. होलसेलला जातो १९५ ला, तेही तीन महिन्यांच्या उधारीवर. तू म्हणतेस ऑनलाइन ३९९ ला विकते, म्हणजे दुपटीहून जास्त, मग दलालाला कशाला पोसायचं? बघ मग. ३९९ मधनं ५ टक्के जीएसटीचे १९ गेले, राहिले ३८०. माल १८० चा, राहिले २००. पॅकिंग १२, प्लॅटफॉर्मचं कमिशन आणि बाकी फी धरून ६०, कुरिअर ७०, आता उरले ५८. जाहिरात केल्याशिवाय नवीन लिस्टिंग कुणाला दिसतच नाही, ऑर्डरमागं ४० रुपये धर. उरले १८. आणि अजून रिटर्न धरलेच नाहीत. कॅश ऑन डिलिव्हरीच्या शंभर ऑर्डरमधल्या पंधरा परत आल्या आणि जायचे-यायचे मिळून १४० रुपये प्रत्येकीला लागले तर २१०० रुपये झाले, ते विकल्या गेलेल्या ८५ वर वाटले तर नगाला २५ रुपये पडतात. १८ मधनं २५ वजा कर. होलसेलला निदान १५ मिळत होते.

म्हणून ऑनलाइन करू नये असं मी म्हणत नाही. म्हणणं इतकंच की दलालाला जे देत होतो ते आता कुरिअर, जाहिरात आणि रिटर्न यांना देतोय, आणि ते कमी करायची किल्ली बरेचदा कॉम्प्युटरवर नसते, कारखान्याच्या पॅकिंगच्या टेबलावर असते. घडीचंच घे. कुरिअर कंपन्या वजन दोन प्रकारे धरतात, काट्यावरचं आणि मापाचं, आणि जे जास्त त्याचे पैसे लावतात. मापाचं म्हणजे खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारणपणे ५००० नं भागायचं. वर धरलेला टॉवेल काट्यावर साडेचारशे-पावणेपाचशे ग्रॅमचा आहे. पण आपल्या पद्धतीची फुगीर घडी घालून तो ३० बाय २५ बाय १० च्या खोक्यात टाकलास तर ७५०० भागिले ५०००, दीड किलोचे पैसे लागतात. तोच टॉवेल दाबून घडी घालून ३० बाय २५ बाय ५ च्या पिशवीत बसवलास तर पाऊण किलो. निम्म्यावर आलं! आणि त्याच दीड किलोच्या मापात दोन टॉवेल बसतात, म्हणजे दोनचा सेट विकलास तर कुरिअर दोघांत वाटलं जातं, जाहिरात पण, रिटर्न पण. पण इथं एक अडचण येते, आपली पॅकिंगवाली मावशी वर्षानुवर्षं फुगीर घडी घालत आलीय कारण दुकानात टॉवेल जाडजूड दिसला पाहिजे, तिला ते कुणीतरी नीट समजावून, शेजारी बसून, दोन-चार दिवस करून दाखवायला लागतं. शिवाय दाबलेल्या टॉवेलचा पाइल बसतो, गिऱ्हाईक उघडून म्हणतं पातळ आहे. मग आत एक चिठ्ठी घालायला लागते की एकदा धुवा, फुलतो. मग ती चिठ्ठी वाचून रिव्ह्यू सुधारतो, रिव्ह्यू सुधारला की त्याच जाहिरातीत जास्त ऑर्डर येतात. बघ, कुठनं सुरू झालं आणि कुठं गेलं. असं काम पुण्यात बसून कोण करणार, आणि पूर्व भागात तरी आज कोण करतंय?

नावाबद्दल एक महत्त्वाचं. सोलापूर चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल, दोन्हीला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय आहे. चादरीचं सगळ्यांना माहीत असतं, टॉवेलचं आपल्याच माणसांना माहीत नसतं. तरी ऑनलाइन शोधलंस तर सोलापुरी म्हणून दुसऱ्या गावचा माल खुशाल विकायला असतो, भाव पण कमी. प्लॅटफॉर्मला पेठेतली हवा कळत नाही, त्याला शब्द आणि भाव कळतो. पेठेत कुणी खोटा माल विकला तर संध्याकाळपर्यंत चार लोकांत नाव जातं, ऑनलाइन तसं काही होत नाही, तिथं तुला कागद दाखवून तक्रार करावी लागते. आणि कागद म्हणजे नुसता जीआय असून भागत नाही, प्रत्येक उत्पादकानं अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची वेगळी नोंद करायची असते. ती कर. त्याच्या जोडीला स्वतःच्या ब्रँडचा ट्रेडमार्क. माझं तर स्पष्ट मत आहे की आपल्या कारखानदारांनी इतकी वर्षं जीआयकडं भिंतीवरच्या सर्टिफिकेटसारखं बघितलं, हत्यार म्हणून बघितलं नाही, आणि ऑनलाइन बाजारात ज्याच्याकडं कागद नाही त्याचं नाव कुणीही वापरतो.

प्लॅटफॉर्मवर दुसरी भीती अशी की गिऱ्हाईक तुझं नसतं. त्याचा नंबर तुला दिसत नाही, उद्या कमिशन वाढलं, नियम बदलला, खातं अडकलं तर तू कुणाकडं जाणार? वडिलांच्या होलसेलरनं त्रास दिला तर गाडी पकडून त्याच्या गादीवर जाऊन बसता तरी येतं. म्हणून पहिल्या दिवसापासनं थोडी तरी विक्री स्वतःकडं ठेव, व्हॉट्सॲपवर का होईना, साधी वेबसाइट का होईना. ओएनडीसी पण आहे, सरकारनं २०२१ च्या शेवटी स्थापन केलेलं खुलं नेटवर्क, एका ॲपवर नोंद केली की दुसऱ्या ॲपवरच्या गिऱ्हाइकाला माल दिसतो, कल्पना चांगली आहे, करून बघायला हरकत नाही, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नको.

होलसेल मात्र सोडू नको. हे मी जरा जोर देऊन सांगतो कारण तुझ्या वयात ते कंटाळवाणं वाटतं. आठ लूम रोज चालायचे तर रोज सूत आणि रोज मजुरी लागते, आणि सुरुवातीची ऑनलाइन विक्री एवढ्या लूमला पुरणार नाही. होलसेलचा त्रास उधारीचा, तर त्यावर आता कायदा तुझ्या बाजूनं आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असं आहेच, पण २०२३-२४ या आर्थिक वर्षापासनं इन्कम टॅक्सचा नवा नियम आला (तेव्हाच्या कायद्यात कलम ४३बी(एच)), सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच धरता येतो, म्हणजे वर्ष संपलं तरी थकवले तर त्या वर्षीचा त्याचा टॅक्स वाढतो. यासाठी उद्यम नोंदणी पाहिजे आणि बिलावर तो नंबर छापलेला बरा. काही खरेदीदारांनी यावर उपाय म्हणून नोंदणी नसलेल्यांकडनं माल घ्यायला सुरुवात केली हे पण खरंय, त्यामुळं वीस वर्षांच्या जुन्या गिऱ्हाइकाला एकदम कायदा दाखवायचा नसतो, आधी वडिलांना पुढं करून बोलायचं, नव्या गिऱ्हाइकाला मात्र पहिल्या बिलापासनं शिस्त.

सगळ्याच धंद्याला ऑनलाइन सारखं लागू पडत नाही, हे आपल्याच गावात बघायला मिळतं. युनिफॉर्मवाल्यांनी २०१७ मध्ये सोलापुरात युनिफॉर्मचं मोठं प्रदर्शन भरवलं, बाहेरचे व्यापारी गावात आणले. त्यांना तेच बरोबर होतं, कारण शाळेची ऑर्डर मोठी असते, कापड हातात घेऊन चोळून बघायचं असतं, साइजचा सेट बघायचा असतो, माणूस बघून उधारी ठरते. शेंगाचटणीचं उलट, वजनाला हलकी, नाव आधीच झालेलं, फूड लायसन्सची साधी नोंदणी घेऊन घरची बाई पण पार्सल पाठवू शकते, फक्त तेल खवट व्हायच्या आत पोचली पाहिजे. टॉवेल या दोघांच्या मधला आहे, म्हणून तुला दोन्ही पाय वापरायला लागतील.

आता आपल्या गावाचं उणं. पाण्याची अडचण जुनीच, पहिल्या वीस स्मार्ट सिटीत २०१६ ला नाव आलं तरी. वीज गेली की लूम पण थांबतो आणि वायफाय पण. चांगला प्रॉडक्ट फोटोग्राफर, जाहिराती चालवणारा माणूस शोधायला लागतो, ती पोरं शिकून पुण्याला जातात आणि परत येत नाहीत. विद्यापीठाचं इन्क्युबेशन सेंटर आहे, तिथं जरूर जा, पण तिथली भाषा आणि कारखानदाराची भाषा अजून जुळलेली नाही. आणि सगळ्यात मोठी काळजी मला कामगारांची वाटते. विणकराचा मुलगा लूमवर बसायला तयार नाही, आणि त्याला दोष कसा देणार, आवाज, कापसाची धूळ, नगावर मजुरी. तू ब्रँडवर मूळ सोलापुरी विणकर म्हणून फोटो लावणार असशील तर त्या विणकराच्या मजुरीत वाढलेल्या भावातला वाटा गेला पाहिजे. मी हे धंद्याचा सल्ला म्हणूनच सांगतोय, कारण मार्शल म्हणतो ती हवा माणसांमुळं आहे, ती माणसं गेली की तुझा ब्रँड पण इतर कुठल्याही गावच्या टॉवेलसारखाच.

बायकांच्या कामाचं पण असंच. कुंभारीला गोदुताई परुळेकर वसाहत झाली, मग रे नगर झालं, जानेवारी २०२४ मध्ये तिथं १५ हजार घरांचा ताबा दिला गेला. विडी कामगारांना पक्कं घर मिळालं ही मोठीच गोष्ट, पण वसाहत गावाबाहेर, कारखाने पूर्व भागात, रोजचं जाणं-येणं आलं. तिथल्या कितीतरी बायका शिलाई, घडी, पॅकिंगचं काम करायला तयार असतात. माल तिकडं टेम्पोनं नेऊन, काम नगावर मोजून, पैसे आठवड्याला थेट त्यांच्या खात्यात यूपीआयनं, अशी व्यवस्था बसवलीस तर तुझं पॅकिंग पण मार्गी लागेल आणि मध्ये मुकादम पण नको.

पुण्याचा उपयोग पुण्यासारखा कर. रेल्वेची मेन लाइन आहे, वंदे भारत आहे, सकाळी जाऊन काम करून परत येता येतं. फोटो शूट, एखादा सल्लागार, जुन्या कंपनीतले मित्र, महिन्यातनं एक-दोनदा जा. तिथलं घरभाडं वाचेल त्यात इथं चांगला इन्व्हर्टर आणि एक मदतनीस येईल.

सुरुवात लहान कर. आठातला एकच लूम तुझ्या ब्रँडला माग, सात वडिलांकडं राहू दे, म्हणजे घरात भांडण नाही. एकच साइज, तीन रंग, दोनचा सेट. कॅश ऑन डिलिव्हरी शक्य तिथं बंद ठेव. पहिले दोन-तीन महिने गिऱ्हाइकाचे फोन स्वतः घे, कुणाला देऊ नको. आणि आत्ता लगेच करायचं काम म्हणजे तीन कुरिअरवाल्यांकडनं सोलापूर पिकअपचे झोननिहाय दर लेखी मागव, पाऊण किलो आणि दीड किलो दोन्हीचे, आणि मावशींना दाबून घडी घालायला सांगून खोक्याचं माप घे. ते आकडे हातात आले की मला पाठव, सेटची किंमत आपण त्यावरनं काढू.